स्वयंपाकघरातली कडी

आई,

परवा ती घरी आली होती. ती म्हणजे तुझी ती, स्टेशनवरची. नाव लिहीत नाही. त्या काळी आपल्या घरात नुसतं 'ती' म्हटलं तरी आप्पांनासुद्धा कळायचं कोण ते. आता तिला चष्मा लागलाय, पुढचे केस पिकलेत, अंगाने चांगली भरलीय. दार उघडलं तर हसत उभी. म्हणाली, "काय वं बाई, वयखं का माले?" मी नुसती बघत राहिले. ओळखलं नाही म्हणून नव्हे, तुझा आवाज ऐकू आला म्हणून. तोच हेल, त्या 'वं'वर तोच जोर. ती मुलगी कुणाची, कुठली, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. लहानपणी सुरत स्टेशनवर एकटी सापडली तेव्हा ती जे बोलायची ते कुणालाच समजत नव्हतं. आणि आता ती माझ्या दारात उभी राहून तुझी अहिराणी बोलते, आणि मी, तुझी पोटची मुलगी, तिला म्हणते, "या ना, आत या, बसा." शाळेत पालकांना म्हणते तसं.

तू म्हणशील, झालं हिचं पुन्हा सुरू. हो, झालं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, माझ्या लेकीने तुला फक्त फोटोत पाहिलंय, पण माझ्या पोटातलं हे दुखणं काही गेलेलं नाही. ती सोफ्यावर बसली, माझ्या लेकीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, अगदी तू मोडायचीस तशी, आणि लेक खुदकन हसली. मला तेही बघवलं नाही. चहा टाकायच्या निमित्ताने मी आत गेले.

सुरतेतली आपली बमरोलीची खोली. तू स्टोव्हपुढे बसलेली आहेस आणि मी पाटीवर केळ्याचं चित्र काढून तुला दाखवते. "केयं," मी म्हणते. तू पंप मारायची थांबतेस. "केळं म्हण." मी म्हणते केयं. "केळं. जीभ मागे वळव आणि म्हण, ळ." तुझी स्वतःचीसुद्धा जीभ तिथे सहज वळत नव्हती, शेजारच्या बाईंकडून तू तो ळ घटवून आणला होतास माझ्यासाठी. शाळेत आम्हा खान्देशातल्या पोरांच्या बोलण्याला हसायचे, ते तुझ्या मनाला लागलं होतं. आप्पा कापडाच्या लूमवर कामाला, तू आधी तिथेच बॉबिन भरायला. आपल्या मुलीने तरी नीट बोलावं, नीट लिहावं, कुणी तिला हसू नये. म्हणून तुला माय म्हणायचं नाही, आई म्हणायचं. आप्पांशी तू अहिराणीत भांडायचीस, अहिराणीत हसायचीस, आणि माझ्याकडे वळलीस की तुझं तोंडच बदलायचं. जपून जपून बोलायचीस, घरी पाहुणी आल्यासारखी. 'मला भूक लागली आहे का तुला', असं काहीतरी उलटंसुलटं व्हायचं तुझं, पण तू हट्ट सोडला नाहीस. त्या हट्टावर मला पुढे नोकरी लागली, मराठी शाळेत मराठी शिकवायची, हे मी विसरलेले नाही. तरी सांगते, माझ्याशी बोलताना तू कधी पोटातून बोलली नाहीस.

आणि मग तुला त्या सरकारी आश्रमात काम मिळालं. ज्यांना कुणी नाही किंवा असून नसल्यासारखं आहे अशा मुलींना ठेवायचे तिथे. तू तिथे आया. धुणं, वेण्या, स्वयंपाकाला हात, आजारी पोरीजवळ बसणं. सगळा आश्रम चालवणाऱ्या त्या गुजराती बाई, ज्यांना तुम्ही सगळ्या बेन म्हणायचात, त्या काही वाईट नव्हत्या. पोरी पुष्कळ आणि हात मोजके. एखादी पोर बिथरली, भिंतीवर डोकं आपटायला लागली, कपडे फाडायला लागली, की बाकीच्या पोरी रडायला लागायच्या आणि सगळ्या आश्रमात नुसता कालवा व्हायचा. मग तिला उचलायचं, धान्याच्या स्टोअररूममध्ये घालायचं आणि बाहेरून कडी लावायची. दमली की आपोआप गप्प होते, असं जुन्या बायका सांगायच्या. फारच झालं तर इंजेक्शन, आणि त्याहून झालं तर दुसऱ्या शहरातलं मोठं वेड्यांचं इस्पितळ. तिथे गेलेली पोरगी परत आल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. हे सगळं तू जेवताना आप्पांना सांगायचीस, मला कळत नाही असं समजून. मला सगळं कळायचं. अहिराणी बोलायला बंदी होती, ऐकायला थोडीच होती.

आश्रमातल्या पोरींत स्टेशनवरची ती सगळ्यांत वाईट पेटायची. संध्याकाळी आश्रमाचं लोखंडी गेट बंद झालं की त्या आवाजाने तिचं काहीतरी व्हायचं. एकदा ती अशीच आत कोंडलेली होती आणि तुला दाराशी राखण बसवलं. तुझं तुरीची डाळ निवडायचं काम राहिलं होतं, म्हणून तू सूप घेऊनच बसलीस, दाराला पाठ लावून, पाय पसरून. आत ती दार बडवतेय आणि बाहेर तू डाळीशी बोलतेयस. तिच्याशी नाही, डाळीशी. "हाई दाय देख, निस्ता खडाच खडा. कोन दुकानदार शे, त्याले धरी आना." खान्देशातल्या बायका दळताना, निवडताना अशा स्वतःशीच बोलतात, त्यात विशेष काही नाही. पण आतला आवाज हळूहळू कमी झाला. मग तू कडी काढलीस, सूप मध्ये ठेवलंस आणि पुन्हा निवडायला लागलीस. तिच्याकडे बघितलंही नाहीस. बऱ्याच वेळाने एक लहान हात सुपात आला आणि त्याने एक खडा उचलला. हे सांगताना त्या दिवशी तू जेवायची थांबली होतीस. आप्पा म्हणाले, "आते भाकर खाय." मी ताटात बघत होते. तुझा चेहरा तसा उजळलेला मी माझ्या कुठल्याही गोष्टीने पाहिला नव्हता, पहिला नंबर आणला तेव्हासुद्धा नाही.

त्यानंतर तुझी ती रीतच झाली. पोर पेटली की बाकीच्यांना व्हरांड्यात न्यायचं, तिच्याजवळ एकच माणूस, तेही ओळखीचं, हातात काहीतरी काम घेऊन. प्रश्न विचारायचे नाहीत, समजूत घालायची नाही, फक्त अधूनमधून म्हणायचं, "मी आठेच शे." मी इथेच आहे. महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी तिला गोळी लावून दिली होती, तिचाही हातभार होताच, तू ते नाकारायची नाहीस. पण कडी तशीच होती. तुझी कामाची पाळी नसली की बाकीच्या बायका कडीच लावायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तू गेलीस की तुझी मेहनत पुन्हा पहिल्यापासून.

एका सुट्टीत तू मला आश्रमात घेऊन गेलीस. कामरेजकडच्या लग्नाला आप्पा गेले होते आणि मला ठेवायला कुणी नव्हतं. मी पाण्याची बाटली गळ्यात अडकवून स्टोअरच्या दारात उभी आहे. तू जमिनीवर पाय पसरून बसलीयस, समोर ती, माझ्याच वयाची, तुझ्या साडीचं टोक मुठीत धरून. तिच्या कपाळावर टेंगूळ आहे. तू डाळीला शिव्या घालतेयस आणि ती हसतेय, आणि हसता हसता म्हणते, "माय, हाऊ देख खडा." माय. मला वाटलं आता तू तिला सांगशील, आई म्हण. तू म्हणालीस, "हाव वं मन्ही माय, बराच मोठा शे." मग तुझं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तुझं ते जपून बोलणं सुरू झालं: "तू तिकडे बाकावर बस हं. मध्ये येऊ नकोस." मी बाकावर जाऊन बसले. बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं, तहान नसताना.

दोनतीन दिवसांनी मीही करून पाहिलं. तू भाकरी थापत होतीस. मी भिंतीपाशी गेले आणि डोकं आपटलं, बेताबेतानेच, आणि ओरडायला लागले. तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. "नाटकं करू नकोस, टेंगूळ येईल," म्हणालीस, आणि तव्यावरच्या भाकरीला पाणी लावलंस. मी अजून दोन वेळा आपटलं. मग तू उठलीस, माझ्या पाठीत एक धपाटा घातलास आणि पुन्हा भाकरीपाशी जाऊन बसलीस. तुझा सगळा धीर तू तिथे वाटून यायचीस आणि आमच्या वाट्याला रिकामं भांडं. तुला खरं आणि खोटं बघताक्षणी कळायचं, हे मी आज कौतुकाने सांगू शकते. तेव्हा मला एवढंच कळलं की माझं डोकं तुझ्या लेखी खोटं आहे.

तुझंही नेहमी जमायचं असं नाही. एकदा तिने तुझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला आणि तू तिच्या थोबाडीत ठेवून दिलीस. घरी आल्यावर आप्पांनी हळद लावली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तू दूध घालून पीठ मळलंस, दशम्या केल्यास, आणि त्यातल्या दोन फडक्यात बांधून तिला घेऊन गेलीस. आई, मला तू किती वेळा मारलंस त्याचा हिशेब नाही, दशमी एकदाही झाली नाही.

मग ते प्लेगचं वर्ष. त्याच्या थोडं आधी बेन तुला म्हणाल्या होत्या की हिला आता मोठ्या इस्पितळात पाठवायचं ठरतंय, वरून विचारणा झालीय, बाकीच्या पोरींना ती मारेल अशी भीती आहे. तू घरी येऊन स्टोव्ह न पेटवताच बसून राहिलीस. आणि दोनच दिवसांत सुरतेत ती बातमी पसरली. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागले, गटारांच्या कडेने पांढरी पावडर पडली, औषधांच्या दुकानांतल्या कॅप्सूल संपल्या. बमरोलीत लूम बंद पडले. त्या आवाजात मी जन्मापासून झोपत आले होते, तो थांबला तर मला भीतीच वाटली. ज्याला गाव होतं तो गावाला निघाला. आप्पांनी ट्रंक भरली. तुमचं अहिराणीत भांडण झालं, मी गोधडीखालून ऐकलं. तू म्हणालीस, "त्या पोरीस्ले कोन शे? आपली आंडेरले तुम्ही शेतस ना." आप्पा म्हणाले, "आंडेरले माय लागस." आंडेर म्हणजे लेक, म्हणजे मी. सकाळी तू दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून माझ्या हातात दिलीस. "आई मागून येईल हं. शहाण्यासारखी राहा." आणि आम्ही उधन्याच्या स्टेशनकडे निघायच्या आधी तूच निघालीस, आश्रमाकडे.

गावात सगळे विचारायचे, माय कुठे? आप्पा म्हणायचे, सरकारी काम आहे, सुट्टी नाही. काकू माझ्याकडे बघून च्च च्च करायची. मी ओट्यावर बसून एसटीच्या रस्त्याकडे बघायचे आणि मनातल्या मनात त्या सगळ्या पोरींना प्लेग होऊ दे म्हणायचे. दशम्या वाळून कडक झाल्या तरी मी शेवटची खाल्ली नाही. ती संपली की तू येणार नाहीस असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. तू आलीस तेव्हा सगळं निवळून गेलेलं होतं. तुझी हाडं वर आली होती. आल्या आल्या तू झोपलीस, आणि उठलीस तेव्हा पहिलं वाक्य आप्पांना: "तिले धाडत नहीत आते." तिला पाठवत नाहीत आता. मी तुझ्या उशाशीच बसले होते.

परत बमरोलीला आलो तेव्हा तुझ्या पिशवीत एक लोखंडी कडी निघाली. जाडजूड, जुनी, दाराची. तू आप्पांना म्हणालीस, ही स्वयंपाकाच्या भिंतीला ठोकून द्या. त्यांनी विचारलं कुठून आणली, तू म्हणालीस, पडली होती तिकडे. सणाला तू तिच्यावर दह्याचं फडकं टांगायचीस, खालच्या पातेल्यात पाणी टपटपत राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी चक्का. आश्रमातल्या पोरींनाही तू त्यातलं श्रीखंड न्यायचीस, हे वेगळं सांगायला नकोच. तू गेलीस, मग आप्पा गेले, खोली विकली. भांडी मी वाटून टाकली, पण कडी काढून आणली आणि माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. तुझ्या हाताची वस्तू, एवढंच.

तर परवा ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली आणि त्या कडीपुढे थांबली. पेला हातातच. मग तिने कडीवर बोट फिरवलं, आतून बाहेर, आतून बाहेर. "हाई आठे शे?" मी म्हटलं, माझ्या आईची आहे. ती म्हणाली, "माले माहीत शे कोनी शे ती." आणि तिथेच, माझ्या ओट्याला टेकून, तिने सांगितलं. प्लेगात आश्रमातल्या बायका एकेक करून निघून गेल्या, वॉचमनही गेला. बेन तुझ्यापुढे हात जोडून म्हणाल्या, "तमे रही जाव ने." ती त्या वेळी स्टोअरमध्येच होती, कडी लावलेली. तिने दाराला कान लावून ऐकलं. तू तुझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणालीस, "रुकती मैं. लेकिन ये कडी निकालो बेन, आज के आज. और इसको कहीं नहीं भेजना." मग स्क्रू फिरायचा आवाज आला. बेन स्वतः पिळत होत्या, आणि पिळता पिळता रडत होत्या, असं ती म्हणाली. दार उघडलं, ते पुन्हा कधी बाहेरून लागलं नाही. पुढे त्या खोलीला खिडकी पाडली, चटई टाकली, आणि पोर पेटली तर एकीने जवळ बसायचं असा नियमच बेननी करून टाकला. आता ती स्वतः ठिकठिकाणच्या बालगृहांतल्या बायकांना हे शिकवते. प्रत्येक ठिकाणी सुरुवात या कडीच्या गोष्टीने करते. "तुले ते माहीतच व्हई," ती म्हणाली. मी म्हटलं, हो. मला काही माहीत नव्हतं.

जन्मभरात एकदाच तुझ्याकडे अशी वेळ आली की समोरच्याला तुझी गरज होती आणि तू मागशील ते मिळणार होतं. आणि तू कडी मागितलीस. मला गावाला धाडून, त्या बदल्यात. ती मुलगी त्या इस्पितळात गेली असती तर आज माझ्या ओट्याला टेकून उभी नसती, आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या बायकांनी ज्या पोरींना कोंडलं नाही, त्याही कुठे असत्या कुणास ठाऊक. हे मला कळतं. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, त्याचं उत्तरही माझ्याकडे आहे आणि ते मला आवडत नाही. पण कळलं म्हणून जळायचं थांबतं असं कुठे असतं? तुझं बोलणं तिला मिळालं, माय हा शब्द तिला मिळाला, दशम्या तिला, प्लेगातले तुझे दिवस तिला. मला ळ मिळाला.

ती आली होती बोलावणं करायला. पुढच्या आठवड्यात तिचा वर्ग आहे, सुरतेतच, कतारगामला. तिथे मी तुझ्याबद्दल दोन शब्द बोलावेत असं तिचं म्हणणं. ते दोन शब्द लिहायलाच बसले होते, आणि हे असं झालं. हे तिथे वाचता येणार नाही, आणि तुला पाठवायचं तर कुठे. शाळेच्या कपाटात जुन्या पेपरांखाली ठेवून देईन. जाईन मी. चांगलं बोलेन, शुद्ध बोलेन, तुला आईच म्हणेन, आणि त्या बायका टाळ्या वाजवतील.

निघताना ती म्हणाली, "एक दिवस दे ना माले हाई कडी. बायास्ले दाखाडसू." मी म्हणाले, अगं, भिंतीत फार पक्की बसलीय, काढायला गेलं तर सगळ्या टाइल्स फुटतील. तिने मान हलवली, कडीला एकदा हात लावला आणि गेली.

आई, ती नुसत्या दोन स्क्रूंवर आहे. दर दिवाळीला मी उतरवते, घासते, तेलाचा हात लावते आणि परत बसवते. काही वेळ लागत नाही.